स्ट्रॉबेरीत जनुक-संपादन: मदर प्लँटपासून शेतातल्या चाचणीपर्यंत

स्ट्रॉबेरीवर क्रिस्पर (डीएनए ठरल्या जागी कापून जनुक बदलण्याचं तंत्र) करायचंय असं म्हणत कुणी आलं की मी आधी एकच विचारतो: तुम्ही निवडलेल्या जातीच्या पानाच्या तुकड्यातून बाटलीत नवं रोप फुटतं का? बहुतेकांनी ते बघितलेलं नसतं. जनुक कापणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. कापलेल्या पेशीतून अख्खं रोप उभं करायचं, त्यात कापण्यासाठी घातलेला परका डीएनए काढून टाकायचा आणि एवढं करून जात तीच ठेवायची, इथे कामं अडतात आणि पैसे संपतात. म्हणून पुढचा क्रम मी मुद्दाम रोपापासून सुरू केलाय, जनुकापासून नाही.

लेख कृषी आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, टिश्यू कल्चर लॅब चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि एखाद्या संशोधन संस्थेला हाताशी धरू पाहणाऱ्या उत्पादक कंपन्यांसाठीही. स्वच्छ रोपं तयार करणं कुठल्याही बऱ्या लॅबला जमतं. जनुकाला हात लावायची वेळ आली की मात्र मान्यताप्राप्त संस्था आणि तिथल्या जैवसुरक्षा समितीची परवानगी हवीच. गॅरेजमध्ये करून बघायचा हा प्रकार नव्हे.

आधी दुखणं नेमकं कोणतं ते ठरवा

महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात मदर प्लँट (ज्यांपासून रोपं वाढवतात ती मूळ झाडं) परदेशातून येतात, पावसाळ्यात नर्सरीत त्यांचे रनर (जमिनीलगत पसरून टोकाला पिल्लू धरणारे फुटवे) वाढवतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लागण होते आणि उन्हाळा तापेपर्यंत तोडणी चालते. या साखळीत शेतकऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. मदर प्लँट महाग पडतो. फळ वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत मऊ पडतं. भुरी आणि कोळी पाठ सोडत नाहीत, मर लागते, आणि मार्चच्या उन्हात फळ बारीक होतं.

यातल्या प्रत्येक तक्रारीवर जनुक-संपादन हे उत्तर नाही. त्याच त्या झाडांचे रनर वर्षानुवर्षं काढून रोप क्षीण झालं असेल, तर बहुधा विषाणू साठलेत. त्याला मेरिस्टेम कल्चर (शेंड्याच्या टोकातल्या वाढत्या पेशींपासून बाटलीत रोप करणं) पुरतं. फळकुज, मुळकुज किंवा मर यांच्याविरुद्धची ताकद दुसऱ्या एखाद्या जातीत आधीच असेल, तर संकर करून मार्करच्या (हव्या जनुकाजवळच्या डीएनएतल्या खुणेच्या) मदतीने निवड करणं स्वस्त आणि बिनधोक. करपा गटातल्या बुरशीने होणाऱ्या फळकुजीसाठी एफएआरसीए१, फायटोप्थोरासाठी एफएआरपीसी२ आणि फ्युजारियम मरीसाठी एफडब्ल्यू१ ही ठिकाणं संशोधकांनी स्ट्रॉबेरीच्या गुणसूत्रांवर हेरून ठेवली आहेत. रोप दोन-तीन पानांचं असताना पानाच्या टिकलीएवढ्या तुकड्यातून पीसीआर केला की ते ठेवायचं की फेकायचं, ते कळतं. शेतात रोग येण्याची वाट बघावी लागत नाही.

एखादं जनुक बंद केलं किंवा त्याचा जोर कमी केला की काम भागणार असेल, तिथेच संपादन शोभतं. उत्पादन, उष्णता सोसणं, फळाचा आकार या गोष्टी डझनावारी जनुकांनी मिळून ठरतात. ‘उष्णता सोसणारी स्ट्रॉबेरी क्रिस्परने करू’ असा प्रस्ताव कुणी आणला तर कुठलं जनुक, आणि ते का, हे विचारा. उत्तर एका वाक्यात आलं नाही तर चहा पाजून निरोप द्या.

स्वच्छ मूळ साठा तयार करा

पुढे संपादन करा अगर करू नका, ही पायरी वाया जात नाही. बेल्जियममध्ये १९७४ साली बॉक्सूस यांनी स्ट्रॉबेरीच्या मेरिस्टेम कल्चरची पद्धत बसवली. आज जगभर वापरतात ती थोड्याफार फरकाने तीच.

शेतातून आणलेलं झाड काही आठवडे ३६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या उबदार कक्षात ठेवलं तर विषाणूंची वाढ मंदावते आणि पुढच्या टप्प्यात रोप स्वच्छ निघण्याची शक्यता वाढते. मग रनरची कोवळी, अजून पान न उलगडलेली टोकं कापून घ्या. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवा. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात दहाएक मिनिटं ठेवून लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) निर्जंतुक पाण्याने तीनदा खळबळून घ्या.

आता सूक्ष्मदर्शकाखालचं काम. टोकावर केसाळ पानांची पाती एकावर एक गुंडाळलेली असतात. सुईच्या टोकाने ती एकेक करून सोलत जायची. प्रत्येक थर निघाला की आतलं हिरवं फिकट होत जातं. शेवटी ओलसर, जवळजवळ पारदर्शक असा एक घुमट दिसतो आणि त्याच्या कडेला पानांचे एक-दोन उंचवटे. घुमट आणि एखादा उंचवटा एवढंच, ०.३ ते ०.५ मिलिमीटर, कापून माध्यमावर ठेवायचं. तुकडा मोठा घेतला तर जगतो चांगला, पण विषाणूही त्याच्यासोबत येतो. फार लहान घेतला तर विषाणू सुटतो आणि बहुतेक तुकडे मरतात. दिव्याच्या उष्णतेने घुमट क्षणात सुकतो, म्हणून सोलून झाल्यावर रेंगाळू नका.

माध्यम साधंच: एमएस क्षार (पोषक क्षारांचं ठरलेलं मिश्रण), लिटरला ३० ग्रॅम साखर, ७-८ ग्रॅम अगर, ०.५ ते १ मिलिग्रॅम बीएपी (फुटवे आणणारं हार्मोन), सामू ५.७ ते ५.८. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने, १५ ते २० मिनिटं. कल्चर खोलीत २५ अंशांच्या आसपास तापमान आणि १६ तास उजेड. तुकड्याभोवती माध्यम तपकिरी पडायला लागलं तर तुकडा लगेच ताज्या बाटलीत हलवा. मुळं फुटायला हार्मोनशिवायचं माध्यम बहुधा पुरतं.

संख्या वाढवायच्या नादात बीएपी वाढवू नका आणि त्याच बाटलीतून फुटवे काढत राहू नका. जास्त हार्मोन आणि जास्त सबकल्चर (फुटवे वेगळे करून ताज्या माध्यमावर पुन्हा वाढवणं) झालेली स्ट्रॉबेरीची रोपं शेतात गेली की अवाजवी फुलतात, फळं बारीक धरतात आणि काही तर मूळ जातीपासून हललेली निघतात. नर्सरीवाल्याचं नाव जातं ते इथेच. सबकल्चर किती करायचं याची मर्यादा आधीच लिहून ठेवा आणि ती संपली की नव्या मेरिस्टेमपासून सुरुवात करा.

हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय लावायला) येणारं प्रत्येक मूळ रोप आरटी-पीसीआरने विषाणूंसाठी तपासा. रोपं विकायची असतील तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठीची राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था आहे, तिचे नियम बघून घ्या.

जनुक निवडताना

महाबळेश्वरचं फळ डोळ्यापुढे ठेवलं तर माझी पहिली पसंती घट्टपणाला. पिकताना पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि फळ मऊ पडतं. ते तोडणाऱ्या विकरांपैकी एक पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज, आणि स्ट्रॉबेरीत त्याचं महत्त्वाचं जनुक एफएपीजी१. स्पेनच्या मालागा विद्यापीठातला गट या विषयावर दोन दशकांहून जास्त काळ काम करतोय. आधी जनुकाचा आवाज दाबण्याच्या जुन्या पद्धतीने आणि २०२३ मध्ये क्रिस्परने त्यांनी ‘चँडलर’ जातीत हे जनुक बिघडवलं. बहुतेक वाणांची फळं अधिक घट्ट राहिली, गोडी आणि रंग यांत फारसा फरक पडला नाही, शिवाय राखाडी बुरशीने फळ कमी नासलं. चँडलर आपल्याकडेही लावली गेलेली जात आहे, म्हणून हा दाखला आपल्याला जवळचा.

गोडीचं काम वेगळ्या वाटेने झालंय. चीनमधल्या वुहानच्या गटाने २०२० मध्ये रानस्ट्रॉबेरीत एका नियंत्रक जनुकाच्या अलीकडचा छोटासा टप्पा बदलला. जनुक तसंच राहिलं, फक्त त्यावरचा लगाम सैल झाला, आणि वेगवेगळ्या बदलांतून साखरेच्या वेगवेगळ्या पातळ्यांची झाडं मिळाली. स्ट्रॉबेरी रनरने वाढते, त्यामुळे त्यातली मनाजोगती पातळी निवडून जशीच्या तशी टिकवता येते. धान्यपिकांत ही चैन नसते.

फुलोरा आवरून धरणारं टीएफएल१ नावाचं जनुक आहे. रानस्ट्रॉबेरीच्या वर्षभर फुलणाऱ्या प्रकारांत या जनुकातली डीएनएची फक्त दोन अक्षरं गळालेली आहेत. कुणी प्रयोगशाळेत गाळलेली नाहीत, निसर्गातच गळली. ‘संपादन म्हणजे निसर्गाशी खेळ’ असं कुणी म्हणालं की हे उदाहरण सांगायला बरं पडतं. पण लागवडीच्या स्ट्रॉबेरीत बारमाही फुलण्याचा गुण दुसऱ्या ठिकाणाहून, अमेरिकेतल्या युटा राज्याच्या डोंगरांतल्या रानजातीतून आलाय. तेव्हा रानस्ट्रॉबेरीचा धडा डोळे मिटून लागवडीच्या जातीवर उतरवू नका.

इतर बेरींची थोडक्यात दखल. अमेरिकेतल्या पेअरवाइज कंपनीने २०२४ मध्ये बिनबियांची ब्लॅकबेरी संपादनातून तयार केल्याचं जाहीर केलं. इंग्लंडच्या क्रॅनफील्ड विद्यापीठाने रास्पबेरीच्या भित्तिका काढलेल्या पेशींत, परका डीएनए न घालता संपादन करून दाखवलं. आपल्या रसभरीवर (केप गूजबेरी) आणि तिच्या एका चुलतबहिणीवर अमेरिकेच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत काम झालंय. रसभरीचं उंच पसरणारं झाड त्यांनी सुमारे एक-तृतीयांशाने बुटकं केलं. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांनी हात बसवायला थेट लागवडीच्या स्ट्रॉबेरीत उडी घेण्यापेक्षा रसभरी किंवा रानस्ट्रॉबेरी घ्यावी. कारण पुढच्या पायरीत दिसेलच.

आठ संचांचा हिशेब

माणसात गुणसूत्रांचे दोन संच. रानस्ट्रॉबेरीतही दोनच, एकूण १४ गुणसूत्रं. तिचा जीनोम (संपूर्ण डीएनएचा आराखडा) २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लागवडीची स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये उत्तर अमेरिकेतल्या आणि चिलीतल्या जातींच्या योगायोगाने झालेल्या संकरातून आली. तिच्यात आठ संच आहेत, ५६ गुणसूत्रं. तिचा जीनोम नीट हाती यायला २०१९ उजाडलं, आणि तो ‘कॅमारोसा’ या जातीचा.

म्हणजे एक जनुक बंद करायचं तर त्याच्या आठपर्यंत प्रती गाठाव्या लागतात. सहा कापल्या आणि दोन चालू राहिल्या तर फळ पूर्वीइतकंच मऊ पडू शकतं. त्यासाठी:

१. रोझेसी कुळाच्या जीनोम डेटाबेसवरून कॅमारोसातल्या तुमच्या जनुकाच्या सगळ्या प्रती उतरवून घ्या.

२. त्यावर भरवसा ठेवून थांबू नका. स्वतःच्या जातीतून तो भाग पीसीआरने वाढवून सिक्वेन्सिंग करा. विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली या जातींत एखादं अक्षर वेगळं असेल आणि ते नेमकं गाइडच्या (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या आरएनएच्या) जागी आलं, तर ती प्रत सुटलीच.

३. सगळ्या प्रतींत तंतोतंत सारखा असलेला २० अक्षरांचा पट्टा शोधा. डीएनए कापणाऱ्या नेहमीच्या कॅस-९ प्रथिनासाठी त्याच्यालगत एनजीजी ही खूण (कुठलंही एक अक्षर आणि पुढे दोन जी) हवी. जागा जनुकाच्या सुरुवातीकडे असलेली बरी, म्हणजे तुटलेलं प्रथिन निकामीच निघतं.

४. क्रिस्पॉरसारख्या साधनावर तपासा की हा पट्टा जीनोममध्ये इतरत्र जुळत नाही. एका जनुकाला दोन गाइड ठेवा. एक चुकला तर दुसरा कामी येतो.

रोपांच्या मागे लागण्याआधी गाइड चालतो का ते पाहून घ्यावं. पेशींच्या भित्तिका काढून त्यांत साहित्य सोडलं, किंवा पेशीबाहेर, परीक्षानळीत कापणीची चाचणी केली, तरी आठवड्यात अंदाज येतो.

रोप फुटतं का, हे आता बघाच

सुरुवातीला विचारलेला प्रश्न इथे सोडवायचा. बाटलीतल्या रोपाची कोवळी, नुकती उलगडलेली पानं घ्या, पाच मिलिमीटरचे तुकडे करा आणि थायडायझुरॉन किंवा बीएपी, सोबत थोडं ऑक्सिन असलेल्या माध्यमावर ठेवा. पहिले दोन आठवडे अंधार, मग उजेड. चँडलर, कॅमारोसा यांवर जगभर काम झालंय म्हणून त्यांची कृती मिळते. तुमच्या भागात चालणारी जात हट्टी निघाली तर हार्मोनचं प्रमाण, पानाचं वय, अंधाराचे दिवस हे सगळं बदलून बघावं लागतं. शंभर तुकड्यांतून मोजके फुटवे येत असतील तर जनुक घालू नका. जनुक पोचवणाऱ्या जिवाणूचा संसर्ग आणि निवडीच्या औषधाचा मार बसल्यावर तेही राहणार नाहीत.

त्याच वेळी कॅनामायसिनची, म्हणजे साहित्य न शिरलेल्या पेशी मारणाऱ्या निवडीच्या औषधाची, मारक मात्रा काढा. स्ट्रॉबेरीचे तुकडे त्याला नाजूक असतात. लिटरला १० पासून ५० मिलिग्रॅमपर्यंत चढत्या मात्रा लावून, साधा तुकडा कितीला फुटवा देणं थांबवतो ते जातवार नोंदवा.

साहित्य पेशीत पोचवणं

रुळलेली वाट वनस्पतीत डीएनए सोडणाऱ्या मातीतल्या जिवाणूची, म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची. गाइड आणि कॅस-९ असलेला प्लाझमिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) त्याच्या ईएचए१०५ किंवा जीव्ही३१०१ या वाणात घाला. रात्रभर वाढवलेलं कल्चर पातळ करून ०.५ च्या आसपास ओडीला (गढूळपणाचं माप) आणा, तुकडे १५-२० मिनिटं बुडवा, निर्जंतुक कागदावर टिपा आणि दोन-तीन दिवस अंधारात एकत्र ठेवा. मग सेफोटॅक्झिमने (जिवाणू मारणारं प्रतिजैविक) धुऊन निवड माध्यमावर. दर दोन-तीन आठवड्यांनी ताजं माध्यम द्या. आळस केला की जिवाणू तुकड्याच्या कडेने पांढुरकी साय धरतो आणि महिन्यांचं काम एका रविवारी जातं.

पहिल्या खेपेला खऱ्या जनुकाऐवजी पीडीएस जनुक कापून बघा. ते बिघडलं की फुटवा पांढराफटक येतो, त्यामुळे आपली पद्धत चालतेय की नाही हे सिक्वेन्सिंगच्या आधी डोळ्यांनीच कळतं.

दुसरी वाट, कॅस-९ प्रथिन आणि गाइड तयार स्वरूपात थेट भित्तिकाविरहित पेशींत सोडण्याची. परका डीएनए शिरतच नाही, म्हणून कायद्याच्या बाजूने ही फार सोयीची. पण अशा एकट्या पेशीपासून लागवडीच्या स्ट्रॉबेरीचं रोप मिळवणं अतिशय कठीण. तुमच्या लॅबकडे अशा भित्तिकाविरहित पेशींचा (प्रोटोप्लास्टचा) जुना अनुभव नसेल तर या वाटेला आज जाऊ नका.

काय कापलं गेलं ते वाचणं

आठ प्रती एकाच पीसीआरमध्ये आल्या की साध्या सँगर सिक्वेन्सिंगचा आलेख एकमेकांवर चढलेल्या शिखरांचा गोंधळ होतो. त्यातून ‘काहीतरी बदललं’ एवढंच कळतं. प्रत्येक प्रत वेगळी वाचायची तर त्या पट्ट्याचं, तोच भाग हजारो वेळा वाचणारं, खोल अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग लागतं. कुठल्या प्रतीत किती अक्षरं गळाली, किती शिरली, किती मूळच्यासारखी राहिली याचा तक्ता करा.

अर्धवट बदललेल्या रोपांपासून सावध राहा. एका पानात बदल दिसतो आणि शेजारच्या पानात नसतो, असं इथे नेहमी होतं. म्हणून तीन वेगवेगळ्या पानांतून नमुना घ्या, आणि रोप मोठं झाल्यावर त्याच्या रनरवरच्या पिल्लांतून पुन्हा. पिल्लांतही तोच तक्ता आला तरच तो वाण पुढे न्या.

परका डीएनए काढणं: खरी अडचण

धान्यात हे सोपं. स्वपरागीकरण करायचं आणि पुढच्या पिढीत कॅस-९ नसलेली रोपं वेचायची. स्ट्रॉबेरीत कॅस-९ ची एकच प्रत शिरली असेल तर स्वपरागीकरणातून येणाऱ्या रोपांपैकी साधारण एक-चतुर्थांश रोपं त्याच्याविना येतात, इथवर हिशेब तोच. पण स्ट्रॉबेरीची जात म्हणजे संकराचं एकच झाड, रनरने वाढवलेलं. त्याचं बी पेरलं की प्रत्येक रोप वेगळं. कॅस-९ जातो आणि त्याच्यासोबत स्वीट चार्लीची स्वीट चार्लीही जाते. वर स्वपरागीकरणाने रोपं अशक्त होतात ते वेगळंच.

यातून मार्ग तीन. स्वच्छ निघालेलं बियाचं रोप जात म्हणून न वापरता पालक म्हणून वापरायचं आणि त्यातून नवी जात पैदास करायची. हा लांबचा, पण मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा मार्ग. दुसरा, वर सांगितलेला तयार प्रथिनाचा. तिसरा, काम झाल्यावर स्वतःच निघून जाणारी रचना वापरण्याचा. यात छोटी का होईना एक परकी खूण मागे राहू शकते, आणि मग कागदोपत्री तो ‘परक्या डीएनएविना’ उरत नाही.

कोणता मार्ग घेणार हे प्लाझमिड मागवण्याआधी ठरलेलं असावं. बियांच्या पिढीचा मार्ग घेतलात तर माझ्या मते पाच वर्षांहून कमी धरू नका.

परवानगी आणि हक्क

भारतात ३० मार्च २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने परका डीएनए नसलेल्या एसडीएन-१ (फक्त कापून केलेला बदल) आणि एसडीएन-२ (नमुना देऊन केलेला छोटा बदल) प्रकारच्या संपादित वनस्पतींना जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबतच्या १९८९ च्या नियमावलीतल्या नियम ७ ते ११ मधून सूट दिली. त्याच वर्षी मे महिन्यात जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आली. सूट आहे म्हणजे मोकळं रान नाही. प्रयोग सुरू करताना संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते, रोपात परका डीएनए नाही याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो मान्य होईपर्यंत रोपं बंदिस्त जागेतच राहतात. परकं जनुक राहिलेलं असेल तर जीएम (परकं जनुक घातलेल्या) पिकांची सगळी वाट, जीईएसी या केंद्रीय समितीपर्यंत, चालावी लागते. या सवलतीखाली ४ मे २०२५ रोजी ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे दोन संपादित भात जाहीर झाले. फाइल कशी बांधायची याचा नमुना म्हणून त्यांच्याकडे बघावं.

लोक विसरतात ती बाजू मालकीची. ज्या परदेशी जातीवर काम करताय तिच्या मदर प्लँटसोबत कसला करार आलाय ते वाचा. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात मूळ वाणापासून तयार केलेल्या वाणाची वेगळी तरतूद आहे. नोंदणीकृत वाणात एक जनुक बदललं म्हणून तो पूर्णपणे तुमचा होत नाही. क्रिस्परचे पेटंटही आहेतच. संशोधनाला सहसा कुणी अडवत नाही, विक्रीच्या वेळी परवाना मागतात. उत्पादक कंपनीने संस्थेशी करार करताना ही तिन्ही कलमं वकिलाकडून पाहून घ्यावीत.

शेतातली चाचणी

तुलनेला ठेवायचं झाड कोणतं, इथे बऱ्याच चाचण्या फसतात. संपादित रोप बाटलीतून आलेलं असतं, आणि बाटलीतून आलेली स्ट्रॉबेरी पहिल्या हंगामात तशीही जास्त रनर आणि जास्त फुलं देते. तिच्या शेजारी नर्सरीतलं साधं रनर-रोप लावलं तर फरक जनुकाचा की बाटलीचा, ते कळणार नाही. तुलनेला त्याच जातीची, तितकेच सबकल्चर झालेली, पण न संपादलेली रोपं लावा. जमलं तर दोन्हींच्या रनरपासून दुसरा हंगाम घ्या आणि निष्कर्ष त्यावरच काढा.

घट्टपणा पेनेट्रोमीटरने मोजा, फळाच्या दोन्ही बाजूंनी, एकाच रंगाला तोडलेल्या फळांचा. ब्रिक्स (गोडीचं माप) आणि आंबटपणा सोबत. मग पनेट (फळाचे छोटे डबे) भरून ते नेहमीच्या गाडीने, नेहमीच्या वेळी वाशीला पाठवा आणि तिथे उघडा. प्रयोगशाळेतला आकडा चांगला असून गाडीत फळाला पाणी सुटत असेल तर शेतकऱ्याला त्या आकड्याचा उपयोग नाही. खाणाऱ्यांनाही विचारा, घट्ट फळ रबरासारखं लागत असेल तर वाण तिथेच थांबवा. एक चाचणी महाबळेश्वरच्या उंचीवर आणि एक खाली वाईच्या बाजूला, उष्ण हवेत घ्या.

निवडलेल्या प्रत्येक वाणाचा एक संच शेतात जाण्याआधीच बाटलीत राखून ठेवा. स्ट्रॉबेरीची रोपं चार अंशांच्या आसपास, अंधारात, त्याच बाटलीत कित्येक महिने तग धरतात. बाटल्यांवर वाणाचा क्रमांक, सबकल्चरचा आकडा आणि तारीख न पुसणाऱ्या पेनने लिहा, आणि निम्मा संच दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजमध्ये ठेवा, वीज गेली तर सगळं एकदम जायला नको.